दिवाणखान्यातील प्रवाळ-टाकी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील मोठ्या सागरी टाकीविषयी आलेल्या पत्रांपैकी, एकापेक्षा अधिक वाचकांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न या वेळी निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या घराचे नूतनीकरण सुरू आहे. दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांमधली भिंत काढून तेथे दोन्ही बाजूंनी दिसणारी, सहा फूट लांबीची प्रवाळ-टाकी बसवावी, असे आमच्या सजावटकारांनी सुचवले आहे. त्यांनी काढलेले चित्र मोहक आहे. सुरुवात कोठून करावी? (कोथरूड, पुणे)

उत्तर: चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करावी. सागरी टाकीचा निम्मा संसार टाकीबाहेर असतो. खालच्या कपाटातील सम्प (वरून उतरलेले पाणी गाळण्यासाठीची दुसरी टाकी), त्यातला स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ बाहेर काढणारे यंत्र), पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप, चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र), मिठाचे पाणी कालवण्याचे पिंप, गोड्या पाण्याचा साठा आणि पाणी बदलताना लागणारा निचरा या सर्वांची जागा नूतनीकरणाच्या नकाशातच ठरली पाहिजे. फरशी बसल्यानंतर निचऱ्याची नळी काढायला कोणीही उत्साहाने तयार होत नाही.

दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टाकीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अशा टाकीत पाणी खाली उतरवणारी ओव्हरफ्लोची पेटी आणि नळ्या लपवायला पाठ उरत नाही, शेवाळ खरवडायच्या काचा दुप्पट होतात आणि दोन्ही बाजूंनी माणसांची ये-जा असल्याने भित्रे मासे सतत खडकाआड राहतात. त्याऐवजी टाकीची एक अरुंद बाजू भिंतीला टेकवून उरलेल्या तीन बाजू मोकळ्या ठेवाव्यात. नळ्या, तारा आणि ओव्हरफ्लोची पेटी त्या भिंतीकडच्या टोकाला जातात, आणि दोन्ही खोल्यांमधून टाकी दिसतेच.

मापाविषयीही थोडे थांबून विचार करावा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत 24 घनफूट, म्हणजे सुमारे 680 लिटर पाणी मावते. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीतही जवळजवळ तेवढेच मावते, परंतु वाढलेल्या रुंदीमुळे खडकांची मांडणी भिंतीसारखी सपाट न होता तिला खोली येते, आणि टाकी पाहणाऱ्याला समुद्राचा भास होतो तो या खोलीमुळे, लांबीमुळे नव्हे. उंची मात्र दोन फुटांच्या पुढे नेऊ नये; हात तळापर्यंत पोहोचत नाही आणि प्रकाशही तळाशी क्षीण होतो. खडक काचेपासून किमान चार बोटे दूर असावेत, नाहीतर काच पुसण्याचे चुंबक मध्येच अडकते. त्याखेरीज निम्म्याहून अधिक पाणी रिकामेच ठेवण्याचा निग्रह करावा, कारण नव्या टाकीत शोभून दिसणारी गच्च मांडणी जीव वाढू लागताच गुदमरते.

सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची पातळी टाकीच्या मध्याशी यावी, असा स्टँड बनवून घ्यावा. थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर टाकी नको, आणि दूरदर्शन संचासमोर तर अजिबात नको; टाकीचा निळसर प्रकाश पडद्यावर पडतो आणि पडद्याचा टाकीच्या काचेवर.

प्रश्न: आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. एवढ्या वजनाने स्लॅबला धोका नाही ना? बंद करून घेतलेल्या बाल्कनीत टाकी ठेवली तर दिवाणखान्याची जागाही वाचेल. (ठाणे)

उत्तर: प्रथम बाल्कनीचा विचार सोडून द्यावा. पुढे काढलेला तो स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो आणि त्याच्या टोकावर टनभर वजन ठेवणे हा सरळ धोका आहे.

आता दिवाणखान्याचा हिशेब. वर सांगितलेल्या 24 घनफुटांच्या टाकीत पाणी सुमारे 700 किलो, 12 मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या आसपास, शिवाय खडक, वाळू, स्टँड आणि भरलेला सम्प धरला तर एकूण वजन एक टनाच्या वर जाते, आणि ते जेमतेम 12 चौरस फुटांवर उभे असते. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानक 875, भाग 2 यात प्रति चौरस मीटर सुमारे 200 किलो इतका वापरभार धरलेला आहे. टाकीखाली तो त्याच्या चौपटीहून अधिक होतो. याचा अर्थ स्लॅब कोसळेलच असा नाही, कारण तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे आणि बाकीची खोली बहुधा रिकामीच असते. परंतु वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या भाराने स्लॅबला बाक येऊ शकतो, आणि तेथे तुळई नेमकी कोठून जाते हे फरशीवरून कळत नाही. म्हणून इमारतीचे संरचनात्मक नकाशे सोसायटीकडून मिळवून संरचना अभियंत्याकडून लेखी अभिप्राय घ्यावा. सामान्यतः टाकी तुळईलगत, भिंतीशी आणि कॉलमच्या जवळ असावी. लाकडी वाशांच्या जुन्या इमारतींत एवढी टाकी बसवूच नये.

प्रश्न: आमचे गाव समुद्रकाठी आहे. टाकीसाठी किनाऱ्यावरून पाणी, वाळू, खडक आणि ओहोटीला दिसणारे प्रवाळाचे तुकडे आणता येतील का? मुंबईतील एका दुकानदाराने जिवंत प्रवाळही देऊ केले आहेत. ते परदेशी असल्याने कायद्याची अडचण नाही, असे तो म्हणतो. (रत्नागिरी)

उत्तर: प्रवाळाचा एकही तुकडा उचलू नये, मग तो जिवंत असो वा मेलेला. भारतातील सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे 2001 सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसतात. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास, तसेच दंड आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने किमान दंड 25,000 रुपये झाला.

दुकानदाराच्या युक्तिवादावर विसंबू नये. अनुसूचीत «सर्व कठीण प्रवाळ» असा जातिसमूहाचा उल्लेख आहे. तो तुकडा कोणत्या समुद्रातला, याचा भेद तेथे केलेला नाही. शिवाय सर्व कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाहीत. दुकानात एसपीएस (लहान पॉलिपचे) किंवा एलपीएस (मोठ्या पॉलिपचे) या नावाने जे विकले जाते, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन, बबल, ते सारे कठीण प्रवाळच आहेत. «लाइव्ह रॉक» म्हणून येणारा खडकही बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो.

मग भारतातील घरी प्रवाळ-टाकी व्हावी तरी कशी? माझे उत्तर असे, की कृत्रिम सच्छिद्र खडक, म्हणजे सिरॅमिकचे किंवा सिमेंट-अ‍ॅरॅगोनाइटचे (अ‍ॅरॅगोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) घडवलेले, त्यांवर या अनुसूचीत न येणारे मऊ जीव, आणि उबवणी केंद्रात जन्मलेले मासे. लेदर प्रवाळ, मशरूम, झोअँथिड, झेनिया हे कठीण प्रवाळांत मोडत नाहीत. त्यांच्या खरेदीची रीतसर पावती आणि आयात असेल तर तिची कागदपत्रे मात्र मागून घ्यावीत, आणि शंका राहिल्यास वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी विचारणा करावी. हा पर्याय दुय्यम आहे असे मला वाटत नाही. दिवाणखान्याचे लक्षवेधी स्थान म्हणून पाहिले तर मऊ प्रवाळांची टाकी अधिक जिवंत दिसते: लेदरची बोटे प्रवाहात डोलतात, झेनियाच्या मुठी सतत मिटत-उघडत राहतात. त्यांना प्रकाश मध्यम पुरतो आणि पाण्याच्या रसायनातील लहानसहान चुका ते सहन करतात. झेनिया मात्र पसरतो. त्याला इतरांपासून अलग ठेवलेल्या खडकावरच जागा द्यावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि ते वाढलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये. तसे केल्याने वाफेतून विष हवेत पसरून संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

पाण्याबद्दल सांगायचे तर, खाड्यांच्या मुखाजवळचे पाणी पावसाळ्यात गढूळ आणि कमी खारट होते, बंदराजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, आणि दर आठवड्याला पाणी बदलण्यासाठी साठ-सत्तर लिटर स्वच्छ पाणी खोल समुद्रातून आणणे व्यवहार्य नाही. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज असते, म्हणून तीही नको. टाकीसाठी अ‍ॅरॅगोनाइटची वाळू आणि तयार सागरी मीठ घ्यावे. एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम, या हिशेबाने 600 लिटरला 21 ते 23 किलो मीठ लागते. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 असावे.

हे मीठ कालवण्यासाठी घरातील पिण्याच्या आरओचे पाणी वापरता येईल, असा अनेकांचा समज असतो. त्या यंत्रांत बहुधा चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते, आणि त्यामुळे सिलिकेट व फॉस्फेट टाकीत जाऊन शेवाळ माजते. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढून टाकणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेले स्वतंत्र यंत्र घ्यावे आणि टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य दाखवत नाही तोवर ते पाणी वापरू नये.

प्रवाळ पाहण्याची हौस असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य, जे 1987 साली घोषित झाले, आपल्यापासून फार दूर नाही. पाहावे आणि हात न लावता परतावे.

प्रश्न: टाकी ईशान्येलाच हवी का? आमच्याकडे ईशान्येला मोठी खिडकी आहे. (सोलापूर)

उत्तर: आपली श्रद्धा आपण ठरवावी. टाकीच्या दृष्टीने मोठ्या खिडकीची जागा वाईट, कारण सकाळच्या उन्हाने शेवाळ वाढते. तेथेच ठेवायची असेल तर खिडकीला जाड पडदा कायमचा लावावा लागेल.

प्रश्न: उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि वीजही जाते. खर्च आणि धोका यांचा अंदाज द्यावा. (नागपूर, याच आशयाचे पत्र नाशिकहूनही आले आहे)

उत्तर: टाकीचे पाणी 25 ते 27 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिर असावे. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्यांचे बहुतांश अन्न त्यातूनच येते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एखाद-दोन अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर हे 1998, 2010 आणि 2016 साली घडले. घरातील टाकीत तर पाणी थोडे असल्यामुळे तीच घटना एका दुपारीही घडू शकते.

विदर्भाच्या कोरड्या हवेत सम्पवर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत या उपायाचा उपयोग फारच थोडा. मे महिन्यात नागपूरला एकट्या पंख्याने भागणार नाही, चिलर लागेलच. तो टाकीखालच्या बंद कपाटात मात्र ठेवू नये, कारण पाण्यातली उष्णता तो हवेत सोडतो आणि कोंडलेल्या जागेत स्वतःच तापून वीज खात राहतो. कोरड्या बाल्कनीत किंवा हवेशीर भागात त्याच्या नळ्या न्याव्यात.

विजेचा नमुना-हिशेब असा: 250 वॅटचे दिवे नऊ तास, 120 वॅटचे पंप अहोरात्र आणि 450 वॅटचा चिलर आठ तास चालला, तर दिवसाला सुमारे नऊ युनिट, महिन्याला साधारण 260 युनिट. ही युनिटे आपल्या सध्याच्या वापरावर चढतात, त्यामुळे खर्च काढताना बिलातील वरच्या टप्प्याचा दर धरावा. उन्हाळ्यात चिलर याहून अधिक काळ चालेल हे वेगळे सांगायला नको.

वीज गेल्यावर सर्वांत आधी कमी पडतो तो प्राणवायू. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून इन्व्हर्टरवर दिवे किंवा स्किमर नव्हे, वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारे छोटे पंप) जोडावेत. एकूण 40 वॅटचे वेव्हमेकर 150 अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर, दुसरे काही जोडलेले नसल्यास, जवळपास दिवसभर चालतात. रिटर्न पंप बंद पडताच वरच्या टाकीतील काही पाणी खाली सम्पमध्ये उतरते. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी आहे का, हे टाकी भरल्या दिवशीच पंप बंद करून तपासावे. रिटर्न नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटे छिद्र असावे, म्हणजे उलटा उपसा थांबतो. ते छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून दर महिन्याला साफ करावे. टाकीचे सर्व प्लग आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असावेत आणि प्रत्येक तार प्लगच्या खालच्या पातळीपर्यंत झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

प्रश्न: मुलांना नारिंगी क्लाउनफिश आणि निळा टँग हवाच आहे. टाकी भरल्यावर मासे किती दिवसांनी सोडावेत? (कोल्हापूर)

उत्तर: दिवस मोजू नयेत, चाचण्या पाहाव्यात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू खडकांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि कृत्रिम, कोरड्या खडकांवर कधी त्याहून अधिक. थोडा अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. या काळात तपकिरी आणि मग हिरवे शेवाळ येतेच. ते पाहून पुष्कळ जण बाटल्यांतली औषधे ओततात; त्यापेक्षा थांबावे, दिव्यांचे तास कमी करावेत आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडाव्यात.

क्लाउनफिशची जोडी ही उत्तम सुरुवात. कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या उबवणीचे तंत्र फार पूर्वीच विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला क्लाउनफिश विकत घेण्याचे काही कारण उरत नाही. उबवणीतले पिल्लू पहिल्या दिवसापासून दाणे खाते. दोन लहान मासे एकत्र घ्यावेत. सर्व क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यांच्यासाठी समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) घेण्याचा मोह टाळावा. समुद्रफूल जागा बदलत फिरते, वाटेतील प्रवाळांना डंख करते आणि कधी वेव्हमेकरमध्ये सापडून संपूर्ण टाकी दूषित करते. क्लाउनफिश लेदर प्रवाळातही आनंदाने राहतात.

निळ्या टँगबद्दल मुलांची समजूत घालावी लागेल. दुकानात तो दोन इंचांचा दिसतो, पण वाढून तीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला दिवसभर पोहण्यासाठी लांब टाकी लागते. सहा फुटांहून लहान टाकीत तो नको. शिवाय त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर होतो. त्या रोगावर तांब्याचे औषध चालते, परंतु तेच औषध गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारते, म्हणून ते मुख्य टाकीत कधीही टाकता येत नाही. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवूनच मुख्य टाकीत सोडावा. हा नियम कंटाळवाणा आहे, आणि तो न पाळणाऱ्यांचीच पत्रे आमच्याकडे जास्त येतात.

मँडरिन हा अतिसुंदर मासाही सुरुवातीला टाळावा. तो जिवंत कोपेपॉड (कवचधारी सूक्ष्म जीव) टिपून खातो आणि नव्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो. फायरफिश घ्यायचा असेल तर टाकीवर जाळीचे झाकण हवे, कारण तो उडी मारतो.

प्रश्न: आमच्याकडे कठीण प्रवाळांचे फ्रॅग (वाढवण्यासाठी तोडलेले लहान तुकडे) सहज मिळतात. त्यांची वाढ मध्येच थांबते आणि टोके पांढरी पडतात. तसेच, डिसेंबरमध्ये पुण्याला येताना भावाच्या टाकीसाठी काही फ्रॅग आणता येतील का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: आणू नयेत. परवान्याशिवाय तो साइट्स कराराचा भंग ठरेल, आणि भारतात पोहोचल्यावर आपला भाऊ पहिल्या अनुसूचीतील प्राणी बाळगणारा ठरेल.

पहिल्या प्रश्नाबाबत, कठीण प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढतात. कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300 भाग प्रति दशलक्ष आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच (तिचे एकक) ही चांगली पातळी. परंतु आकड्यापेक्षा त्याचे स्थैर्य मोलाचे आहे. आठवड्यातून एकदा मोठी मात्रा ओतल्यास अल्कलिनिटी वरखाली होते आणि टोके जळतात. डोसिंग पंपाने (ठरावीक मात्रा आपोआप सोडणाऱ्या पंपाने) तीच मात्रा दिवसभरात थोडी थोडी द्यावी. नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्ण शून्यावर नेले असतील तर तेही कारण असू शकते. उपाशी प्रवाळही फिकट पडतात. फ्रॅग निवडताना समुद्रातून तोडलेल्यापेक्षा टाकीतच वाढवलेले घ्यावेत, ते टाकीतल्या जगण्याला आधीच सरावलेले असतात.

प्रश्न: गणपतीत आम्ही दहा दिवस गावी जातो. घर बंद असते. टाकीचे काय करावे? (डोंबिवली)

उत्तर: माशांच्या भुकेपेक्षा पाण्याच्या पातळीची चिंता अधिक करावी. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. एवढ्या टाकीतून दिवसाला सहा-सात लिटर सहज उडतात. ते गोड्या पाण्याने आपोआप भरून काढणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र बसवावे आणि त्याच्या पिंपात किमान 70 लिटर डीआय पाणी भरून ठेवावे. पिंपाची जागा सम्पच्या पातळीहून वर नको, नाहीतर यंत्र थांबले तरी पाणी आपोआप उतरत राहते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवा मासा आणू नये, नवे यंत्र बसवू नये. स्किमरचा प्याला रिकामा करून स्किमर थोडा कोरड्या बाजूला, म्हणजे फेस कमी व घट्ट जमेल असा, लावावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाणी तपासावे आणि चिलरच्या जाळीवरची धूळ काढावी. घराची किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे असेल त्यांना अन्नाचा डबा देऊ नये, कारण प्रेमापोटी ते मूठभर टाकतात आणि पाणी नासते. एक दिवसाआडच्या अन्नाच्या पाच पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्यात, डबा कुलपात ठेवावा, आणि तापमान 29 अंशांवर गेले किंवा पंपाचा आवाज थांबला तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक टाकीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा.